शाळेच्या वाट्याची जमीन

इ. स. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यातील १९ तारखेस पुण्याच्या एका गृहस्थाने, लॉर्ड रिपन यांच्या सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे आपले लेखी निवेदन मांडले. विल्यम हंटर हे त्या आयोगाचे अध्यक्ष होते, म्हणून इतिहासात तो हंटर आयोग या नावाने ओळखला जातो. निवेदन करणाराने आपली ओळख थोडक्यात दिली होती: व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. नाव जोतीराव गोविंदराव फुले. १८४८ साली मुलींची शाळा काढून ज्याने पुणे शहर हलवून सोडले, त्याने स्वतःस शिक्षक अथवा सुधारक म्हणवून न घेता शेतकरी म्हणवून घ्यावे, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे व आसपासची खेडी यांपुरता आहे, असेही त्यांनी आरंभीच सांगून टाकले होते.

या निवेदनाचा पुष्कळसा भाग सर्वपरिचित आहे. रयतेच्या घामाचा पैसा सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळते, आणि ज्याच्या करावर हा सारा डोलारा उभा आहे त्या कुणब्याच्या मुलास मात्र अक्षरओळखही मिळत नाही, हा त्यातील मुख्य आरोप. परंतु प्राथमिक शाळेत काय शिकवावे, या प्रश्नाचे त्यांनी जे उत्तर दिले, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, नीतीचे व आरोग्याचे चार धडे, आणि यांच्याच जोडीला शेतकीचे प्राथमिक ज्ञान. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतकीचे धडे पुस्तकातून पाठ करावयाचे नव्हेत. शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि तेथे मुलांस हातांनी काम करून शिकता यावे, असे त्यांनी सुचविले. शिक्षकाविषयीची त्यांची अपेक्षा तर त्याहूनही धीट होती. प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावा, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, त्याच्या स्वतःच्या शिक्षणक्रमात शेतकी व आरोग्य यांचा समावेश असावा, आणि त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा.

ही मागणी पुण्यातून निघावी याला कारण होते. त्या काळचे पुणे हे पेठांचे शहर असले, तरी पेठांची हद्द संपली की मळे सुरू होत. फुले हे आडनावच मुळी फुलांच्या धंद्यावरून पडलेले. पेशवाईत त्या घराण्याने फुले पुरविली होती. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण व मुठेचा कालवा झाला आणि हडपसर-मांजरीकडच्या जमिनीस पाणी मिळू लागले. मांजरीस जोतीरावांची स्वतःची शेती होती. कालव्याचे पाणी शेजारून वाहत असतानाही ते वापरावे कसे हे न कळल्यामुळे आणि पाण्याचा दर परवडत नसल्यामुळे शेतकरी कोरडाच राहतो, हे त्यांनी बांधावर उभे राहून पाहिले होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथामागे हाच अनुभव आहे.

आणखी एक प्रसंग ध्यानात घ्यावयास हवा. १८७६-७७ च्या दुष्काळात खेड्यांतून उपाशी माणसांचे लोंढे शहराकडे येऊ लागले, तेव्हा सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडीच्या छावणीत ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडण्यात आला आणि निराधार मुलांस तेथे जेवण मिळू लागले. त्या मुलांच्या पोटाची काळजी वाहण्यात सावित्रीबाईंचा मोठा वाटा होता. धान्य पिकविणाऱ्याचेच मूल अन्नासाठी शहराच्या वेशीशी येते, हे दृश्य पाहिल्यास पुरती पाच वर्षे झाली होती, तोच आयोगापुढील निवेदन लिहिले गेले. मूल, शाळा, जमीन आणि अन्न ही चार एकमेकांपासून तुटू देता कामा नयेत, ही दृष्टी पुस्तकातून आलेली नव्हती.

येथे थोडे विषयांतर करून मंडईची गोष्ट सांगावयास हरकत नाही. म्युनिसिपालिटीचे सभासद असताना शहरात भाजीबाजाराची भव्य इमारत उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा जोतीरावांनी तिला विरोध केला. इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो लोकांच्या शिक्षणाकडे लावावा, हे त्यांचे म्हणणे. विरोध टिकला नाही. १८८६ साली ही मंडई सुरू झाली व गव्हर्नरसाहेबांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत असताना त्यांच्या खटपटीने त्याच इमारतीस ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले. मालकाच्या इच्छेविरुद्ध बांधलेल्या घरावर त्याच्याच नावाची पाटी लावावी, तसा हा प्रकार झाला. मेथीची जुडी घेऊन तेथून घरी जाणाऱ्या पुणेकरास याची सहसा कल्पना नसते.

शाळेत बाग असावी हा विचार तोपर्यंत जगात नवा राहिला नव्हता. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले आणि प्रत्येक मुलास स्वतःचा एकेक वाफा नेमून दिला. ऑस्ट्रियात १८६९ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने खेड्यांतील शाळांना शक्य तेथे बाग व शेतकीच्या प्रयोगांसाठी जागा असावी असे ठरविले. फ्रोबेलचे लक्ष मुलाच्या मनाकडे, ऑस्ट्रियन सरकारचे देशाच्या उत्पन्नाकडे. फुल्यांची भूमिका या दोहोंहून निराळी होती. ज्याच्या सारावाढीवर व पट्टीवर शिक्षणखाते चालते, त्याच्या मुलास त्याच्याच उपयोगाचे शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे ते म्हणत. शिवाय त्यांनी शेतकी मागितली ती हिशेब, इतिहास व व्याकरण यांच्या बदली मागितली नव्हती, त्यांच्या बरोबर मागितली होती. पुढच्या शंभर वर्षांच्या हकीकतीत हा फरक वारंवार आड आला.

१८८३ साली हंटर आयोगाचा अहवाल आला. प्राथमिक शिक्षणक्रम सोपा करावा, त्यात देशी हिशेब, जमीनमोजणी आणि शेती व आरोग्य यांना उपयोगी पडेल असे पदार्थविज्ञान घालावे, अशी शिफारस त्यात होती. शाळेच्या शेताचे मात्र पुढे काही झाले नाही. सरकारी गाडा खालून वर न जाता वरून खाली चालला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचे वर्ग १८७९ पासूनच भरत होते. १९०७ च्या सुमारास त्यांतून स्वतंत्र शेतकी कॉलेज निघाले, आणि डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्यासारखा नामांकित शास्त्रज्ञ त्याचा मुख्य झाला. मॅन हा कचेरीत बसून राहणारा मनुष्य नव्हे. त्याने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर फिरून पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावी एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्या पाहणीतून बाहेर आलेले सत्य आजही धक्का देते. आज त्याच पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत.

कॉलेजातून पदवीधर निघत, आणि ते बहुधा सरकारी नोकरीत जात. बांधावर परत जाणारा विरळा. म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी देशी भाषेतून चालणाऱ्या शेतकी शाळा मुंबई इलाख्यात काढण्यात आल्या. त्यांतील लोणीची शाळा इतकी प्रसिद्ध पावली की या सबंध प्रकारासच ‘लोणी पद्धती’ म्हणू लागले. मुलांनी शाळेतच राहावे, निम्मा वेळ वर्गात व निम्मा शेतात काढावा, अशी तेथील व्यवस्था. हेतू चांगला होता, परंतु ही शाळा सामान्य शाळेहून वेगळी पडली. तेथून इंग्रजी शाळेकडे जाणारी वाट नव्हती. शेतकरी बापाचा आक्षेप सरळ होता: नांगर धरावयास तर मी घरीच शिकवितो, मुलास शाळेत धाडावयाचे ते कुळकर्ण्याचा कागद वाचता यावा म्हणून. या आक्षेपास अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नव्हता. कुणब्याच्या पोराने कुणबीच राहावे यासाठी तर ही योजना नाही ना, हा त्यातील संशय खरा होता. १९२८ साली शेतकीविषयक शाही आयोगाने लोणी पद्धती व पंजाबची पद्धती यांची तुलना करून पंजाबास झुकते माप दिले. कारण पंजाबात साध्या मिडल स्कुलालाच शेत अथवा बाग जोडलेली असे, आणि तेथील मुलगा पुढच्या शिक्षणास मुकत नसे. सेहेचाळीस वर्षांपूर्वी पेठ जुना गंज येथून गेलेल्या कागदात याहून वेगळे काय होते?

त्या कागदाचा खरा वारसा पुण्याहून साताऱ्याकडे गेला. भाऊराव पायगोंडा पाटील हे सत्यशोधक चळवळीत वाढलेले. काले येथे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. वसतिगृहाचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नव्हताच. तो भाकरीचा होता. मुलांस जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दागिने एकदाच मोडता येतात. त्यामुळे मुलांनीच माळजमीन फोडावी, पाणी शेंदावे, भाजी-धान्य पिकवावे, आळीपाळीने स्वयंपाक करावा, हा क्रम तेथे गरजेपोटी आला, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने तीच संस्थेची ओळख झाली.

लोणीची मुले आणि साताऱ्याची मुले दोघेही कुदळच हाती धरीत होती. मग एक प्रयोग रुजला व दुसरा का रुजला नाही? सातारच्या मुलाने लावलेले वांगे संध्याकाळी त्याच्याच ताटात येत असे, हे एक. आणि ते वांगे लावणारा मुलगा मॅट्रिक होऊन कॉलेजात जाऊ शकत असे, हे दुसरे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा तर हे दार उघडच झाले. भाऊरावांनी १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालयही काढले होते. पुण्याशीही त्यांचा संबंध तुटलेला नव्हता. १९३२ च्या पुणे कराराचे स्मारक म्हणून त्यांनी या शहरात युनियन बोर्डिंग हाऊस उघडले. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून पुढे जी ‘कमवा व शिका’ योजना चालू झाली, तिला भाऊरावांचेच नाव आहे.

मधल्या काळात वर्ध्याहून एक मोठी लाट आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा तपशील बसविला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवलेली. उद्योगांच्या यादीत सूतकताई व सुतारकामाबरोबर शेती आणि फळे-भाजीपाल्याची बाग हीही होती. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा यावर अधिक भर पडल्यास शिक्षण बाजूला राहील, हा इशारा समितीनेच देऊन ठेवला होता. या पद्धतीची पहिली अखिल भारतीय परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये भरली ती पुण्यासच, मुंबई सरकारच्या निमंत्रणावरून. बाळासाहेब खेर त्या वेळी इलाख्याचे पंतप्रधान होते व शिक्षणाविषयी त्यांना मनापासून आस्था होती. पण महायुद्ध सुरू झाले होते. परिषदेची पाने अजून छापून व्हावयाची होती, तोच नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मूलोद्योगी शाळांतून पुढे टकळी दिसली, वाफा क्वचितच दिसला. यात आश्चर्य नाही. टकळीस हातभर जागा पुरते. तिला सुट्टी चालते, उन्हाळा चालतो. बागेचे तसे नाही. आपले शालेय वर्ष जूनच्या मध्यास, मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते, ही एक सोय खरी. त्या वेळी पेरलेली मेथी महिन्याभरात काढणीस येते, मुळा दीड महिन्यात, दोडका-घोसाळे दोन महिन्यांत. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुलांस तीन पिके पाहता येतात. हिवाळ्यात पालक, कोथिंबीर, गाजर साधते. परंतु मार्चात परीक्षा येते, त्यामागून मे महिन्याची दीड महिन्याची सुट्टी, आणि नेमके त्याच दिवसांत आडाचे पाणी तळाशी जाते. शाळेची बाग पुष्कळदा मरते ती या मे महिन्यात. निवासी शाळेला हा प्रश्न कमी भेडसावतो, कारण तेथे कोणी ना कोणी पाणी घालावयास असते. ताराबाई मोडक व पुण्याकडच्या मोरगावच्या अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस व १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यांत गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणावर नेण्याचा प्रयोग होता. जमीन शाळेकडे येत नसेल तर शाळेने जमिनीकडे जावे, हा त्यांचा साधा हिशेब.

पुणे जिल्ह्यात ही कथा पुन्हा सुरू झाली ती १९८३ साली, शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रशास्त्राचे जाणकार. मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेतील वरिष्ठ जागा सोडून त्यांनी पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम काढला. जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र. कलबागांनी शेतीस एकटे ठेवले नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार भाग करून, शाळा सुटलेल्या मुलामुलींस आणि पुढे आसपासच्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांस चारही विषय हातांनी शिकविले. मातीची परीक्षा, रोपवाटिका, कोंबड्या, बंधाऱ्याची आखणी, पदार्थ टिकविणे, रक्तातील लोहाची तपासणी, असे नानाविध काम तेथे चाले. आणि गावकऱ्यांस ही सेवा देऊन तिचे मूल्यही घेतले जाई. माती कसदार आहे की नाही हे विचारण्यास गावचा शेतकरी शाळेतल्या मुलाकडे येतो, या एका गोष्टीने लोणीच्या वेळच्या बापाचा आक्षेप उलटा फिरला. हा शिक्षणक्रम महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. कलबाग २००३ साली निवर्तले; आश्रम चालू राहिला.

दरम्यान शाळेत अन्न आले, पण ते दुसऱ्याच दाराने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांतील पोषण आहाराची योजना सुरू केली. आरंभी महाराष्ट्रात महिन्यास तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी न्यावयाचा, एवढाच तिचा अर्थ होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, आणि शाळाशाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. २८ नोव्हेंबर ही जोतीरावांची पुण्यतिथी. हा निव्वळ योगायोग. प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असे माप ठरले. धान्य सरकारी गोदामातून येते. आणि शहरांत तर मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून शिजलेले अन्न डब्यांत भरून शाळेत पोहोचते. ज्या मुलाने ताट पुढे केले त्याला त्यातील भोपळा कोणत्या वेलीचा, हे कळण्याचा मार्ग नाही. मुळात उपाशी मूल शिकू शकत नाही हे सरकारने मान्य केले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरी ताट आणि वाफा यांची गाठ त्यात पडली नाही.

ती गाठ घालण्याचा प्रयत्न २०१९ साली झाला. त्या वर्षी केंद्राने शाळांतील पोषणबागांविषयी, म्हणजेच आपल्या जुन्या परसबागांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी पिकविलेली भाजी त्यांच्याच दुपारच्या जेवणात जावी, असे त्यांत सांगितले. जागा नसेल तेथे कुंड्या, डबे, पोती, शाळेची गच्ची, काहीही चालेल. पेठांतल्या शाळांना या सवलतीचीच गरज आहे, कारण तेथील अंगणात फरशी आहे आणि मांजरी-हडपसरच्या मळ्यांवर घरे उभी राहिली आहेत. चाळीस मुलांच्या वर्गास मापाप्रमाणे रोज दोन किलो भाजी लागते. गच्चीवरच्या पोत्यांतून एवढी निघत नाही. श्रावण-भाद्रपदात आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती मेथी निघाली तरी पुष्कळ. त्या दिवशी खिचडीत पडलेली हिरवी पाने मुले बाजूला काढून ठेवीत नाहीत, असे शिक्षकांच्या तोंडून वरचेवर ऐकू येते. मे महिन्यातील पाण्याचा प्रश्न मात्र ज्या त्या शाळेस आपापल्या परीने सोडवावा लागतो.